आवाज कुठून उचलायचा?

पौषातली म्हसा यात्रा पार पडली, खळ्यावरची कामे आटोपली, की मुरबाड तालुक्यातल्या गावांना सप्ताहाचे वेध लागतात. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा सात दिवसांचा क्रम असतो. या सात दिवसांत एक वस्तू जमिनीला टेकत नाही. ती म्हणजे वीणा. एका पहाऱ्याचा विणेकरी थकला की दुसरा पुढे येतो, नमस्कार करतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो.

अशाच एका सप्ताहानंतर दहावीतल्या एका मुलीने वर्गात विचारले, "सर, वीणा खरंच वाजवतात, की नुसती धरतात?"

वर्ग हसला, पण प्रश्न रास्त होता. पखवाज, पेटी, वीस-पंचवीस टाळकरी आणि खांबावरचे दोन कर्णे, एवढ्या गजरात वीणेच्या चार तारा कोणाला ऐकू येणार? सप्ताहात मधे वीणा असते, पण मांडवातल्या कोणी ती ऐकलेली नसते. त्या मुलीचे आजोबा स्वतः विणेकरी. ते म्हणाले, "पूर्वी रातच्याला गायकाला हिचाच सूर लागायचा. आता आमच्याच कानाला पोचत नाय."

पुढच्या सप्ताहापर्यंत वीणेचा सूर निदान गाणाऱ्यांपर्यंत पोहोचवायचा, हा आमच्या विज्ञान मंडळाचा वर्षभराचा प्रकल्प ठरला. आजोबांनी जुनी वीणा शाळेत आणू दिली, पण एका अटीवर. वीणेला खिळा मारायचा नाही, भोक पाडायचे नाही आणि गोंद लावायचा नाही.

माइक का ओरडला?

पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच होता, वीणेसमोर माइक धरायचा. आम्ही तो करून पाहिला. आवाज थोडा वाढवताच कर्ण्यातून कर्कश शिटी निघाली.

ही शिटी म्हणजे एक बंद फेरा आहे. माइकने उचललेला आवाज वर्धकात म्हणजे अॅम्प्लिफायरमध्ये जातो, मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो आणि हवेतून पुन्हा माइकपाशी येतो. एखाद्या वारंवारतेचा आवाज एक फेरा पूर्ण करून मूळच्या इतकाच किंवा त्याहून मोठा होऊन परतला आणि मूळ कंपनाच्या तालात परतला, तर तो प्रत्येक फेऱ्यात वाढत जातो. वाद्य जितके हळू वाजते, तितका वर्धक वाढवावा लागतो आणि शिटी तितकी लवकर येते. टाळाला माइक चालतो, वीणेला चालत नाही, याचे कारण हेच. शिवाय माइकला वीणा आणि शेजारचा पखवाज यांत भेद करता येत नाही. हवेतून जे येईल ते सगळे तो उचलतो.

मग हवा मधे न आणता आवाज उचलता येईल का? हा प्रश्न गिटारवाल्यांना फार पूर्वी पडला होता. त्यांनी काढलेल्या उत्तराला पिकअप म्हणतात. आमचा एक माजी विद्यार्थी गिटार वाजवतो. त्याच्या लाकडी, पोकळ गिटारला पिकअप बसवायचाच होता, म्हणून तोही आमच्यात सामील झाला. गिटार आणि वीणा शेजारी ठेवून केलेला हा अभ्यास आहे.

तारेपासून हवेपर्यंत

पिकअप निवडण्याआधी एक साधा प्रयोग करा. कंपन पावणारा नादकाटा हातात धरा, तो जेमतेम ऐकू येतो. त्याची दांडी टेबलावर टेकवा, आवाज एकदम वाढतो. नादकाट्याच्या भुजा अरुंद असल्यामुळे हवेला फारसे ढकलत नाहीत. टेबलाची फळी रुंद असते, ती पुष्कळ हवा हलवते.

तंतुवाद्याचे तसेच आहे. तार हलते, पण ती हवेतून सुईसारखी निसटून जाते. तारेचे कंपन घोडीवर उतरते, घोडी ते खालच्या पातळ फळीला देते आणि ही फळी हवेला हलवते. मिरजेचे कारागीर या फळीला तबली म्हणतात. गिटारच्या बाबतीत तिची वरची फळी हेच काम करते.

म्हणजे तार, घोडी, तबली आणि हवा अशी ही वाट आहे. माइक वाटेच्या शेवटी बसतो. पिकअप वाटेत आधी कुठेतरी बसतो. तो आवाज ऐकत नाही, हालचाल टिपतो. कोणता पिकअप घ्यावा या प्रश्नाचा खरा अर्थ, वाद्याची कोणती हालचाल टिपावी, असा आहे.

तारेवर नजर ठेवणारा पिकअप

१८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवले, की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. चुंबकीय पिकअप याच तत्त्वावर चालतो. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार कंप पावली की तिच्यामुळे चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात तारेच्याच वारंवारतेचा विद्युतदाब निर्माण होतो. अमेरिकेत जॉर्ज बोशाँ यांनी १९३१च्या सुमारास असा पिकअप असलेली गिटार तयार केली. तव्यासारख्या आकारामुळे ती 'फ्राइंग पॅन' म्हणून ओळखली गेली. तिचे पेटंट १९३७ साली मिळाले.

हा पिकअप लाकडी गिटारच्या गोल भोकात आडवा बसवता येतो. दोन स्क्रू आवळले की काम झाले, लाकडाला धक्का लागत नाही. तो तारेकडे पाहतो, फळीकडे जवळजवळ नाही, म्हणून शिटीचा त्रासही कमी. पण याच गुणात त्याचा दोष आहे. लाकडाचा आवाज त्याच्या हिशेबात फारसा येत नाही. दुसरे असे, की एकाच वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुणही उचलतो. १९५५ साली सेठ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडून ही गुणगुण एकमेकांत कापण्याची युक्ती पेटंटसाठी मांडली. आजच्या अनेक पिकअपमध्ये ती असते.

तिसरी अडचण वर्गात करून पाहण्याजोगी आहे. साधा लोहचुंबक घेऊन प्रत्येक तारेजवळ न्या. गिटारच्या वरच्या दोन पोलादी तारा ओढल्या जातात. खालच्या तारांवर कांशाचे वेष्टन असते, चुंबक फक्त आतल्या पोलादाला ओढतो. नायलॉनच्या तारांना तर काहीच होत नाही. म्हणून नायलॉनच्या गिटारला चुंबकीय पिकअप निरुपयोगी.

आमच्या वीणेच्या तीन तारा चुंबकाकडे ओढल्या गेल्या, चौथी जागची हलली नाही. ती पितळी होती, खर्जाची. चुंबकीय पिकअप लावला असता, तर वीणेचा पायाच गायब झाला असता. एका लोहचुंबकाने आमचा एक पर्याय बाद केला, तोही एक पैसा खर्च न होता.

दाबातून वीज

१८८० साली जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवले, की क्वार्ट्‌झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतप्रभार जमा होतो. याला दाबविद्युत परिणाम म्हणतात. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास याच गुणाचे सिरॅमिक पदार्थ तयार झाले आणि ते स्वस्त झाले. गजराच्या घड्याळात किंवा वाजणाऱ्या खेळण्यात पितळेची एक पातळ चकती असते, तिच्यावर पांढरट सिरॅमिकचा थर असतो. तिथे वीज देऊन चकती हलवतात. आपण उलट करायचे, चकती हलवून वीज मिळवायची. ही चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन कप चहाच्या किमतीत मिळते.

तिला तार पोलादी की पितळी याच्याशी देणेघेणे नाही. जिथे चिकटवाल तिथली हालचाल ती सांगते. वीणेसाठी हाच पर्याय उरला.

आम्ही २७ मिलिमीटर व्यासाची चकती घेतली. पितळेला एक तार आणि पांढऱ्या भागाला दुसरी तार सोल्डर केली. पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, उष्णतेने तो बिघडतो. चकतीपासून पुढे जाळीचे वेष्टन असलेली वायर वापरावी आणि पितळ त्या जाळीला जोडावे, म्हणजे विजेची गुणगुण कमी येते.

गोंद चालणार नव्हता. त्यावर मुलांनीच उपाय काढला, मध काढल्यावर उरणारे मेण. बोटांच्या उबेने मऊ करून पातळ थर दिला, की चकती घट्ट बसते आणि नंतर अलगद निघते. जाड स्पंजची दुहेरी चिकटपट्टी मात्र वापरू नका. स्पंज गादीसारखा दबतो आणि बारीक कंपने वाटेतच गिळून टाकतो.

"ही आपली वीणा नाय"

चकती लावली, वायर थेट माइकच्या जागी खुपसली आणि आजोबांना वीणा छेडायला सांगितली. कर्ण्यातून डबा वाजवावा तसा टणटणाट आला. आजोबा म्हणाले, "गुरुजी, आवाज मोठा झाला. पण ही आपली वीणा नाय."

त्यांचा कान बरोबर होता. चूक कुठे आहे ते अकरावीच्या गणिताने सापडले. दाबविद्युत चकती म्हणजे एक छोटे धारित्रच, म्हणजे कपॅसिटर. आमच्या चकतीची धारिता साधारण २० नॅनोफॅरड. माइकच्या इनपुटचा रोध आपण १० किलोओहम धरू. धारित्र आणि रोध असे जोडले गेले, की एका ठरावीक वारंवारतेखालचे स्वर क्षीण होत जातात. ती वारंवारता, एक भागिले दोन पाय गुणिले रोध गुणिले धारिता. आकडे घाला, उत्तर येते सुमारे ८०० हर्ट्‌झ.

पुरुषाच्या गळ्याचा षड्ज धरा १४० हर्ट्‌झ. या हिशेबाने त्या षड्जाचा साधारण एक-षष्ठांशच विद्युतदाब पुढे जातो. खर्जाची गत त्याहून वाईट. गिटारच्या सहा मोकळ्या तारांचे मूळ स्वर सुमारे ८२ ते ३३० हर्ट्‌झ, म्हणजे तेही सगळे ८००च्या खाली. मूळ स्वर गाळून वरचे उपस्वर तेवढे ऐकवले, तर टणटणाट होणारच. दोष चकतीचा नव्हता, जोडणीचा होता. स्वस्त पिकअपला नावे ठेवणाऱ्या पुष्कळांची चूक इथेच होते.

आता रोध १० किलोओहमऐवजी १० लाख ओहम करा, म्हणजे १ मेगाओहम. तीच वारंवारता ८ हर्ट्‌झवर येते. माणसाला साधारण २० हर्ट्‌झपासून वरचे ऐकू येते, म्हणजे काहीच गळत नाही. यासाठी चकती आणि वर्धक यांच्यामध्ये एक छोटा टप्पा लागतो. त्याला बफर म्हणतात. एक एफईटी जातीचा ट्रान्झिस्टर, दोन रोध, एक धारित्र आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्यात तो होतो. गिटारवाल्या माजी विद्यार्थ्याने तो साबणाच्या डबीत बसवून आणला. बाजारातही तयार बफर मिळतो. गिटारसाठी केलेल्या वर्धकाचा इनपुट रोध बहुधा मेगाओहमच्या घरात असतो, तिथे चकती थेट जोडून पाहायला हरकत नाही.

डबी मधे आली आणि खर्ज परतला.

चकती कुठे लावायची?

तबली सगळीकडे सारखी हलत नाही. कडेला ती जखडलेली असते, घोडीजवळ मोकळी. आम्ही तबलीवर पेन्सिलीने नव्हे, कागदाचे तुकडे ठेवून नऊ जागा ठरवल्या. प्रत्येक जागी चकती मेणाने लावली, तीच तार तितक्याच जोराने छेडली आणि ध्वनिमुद्रण ऐकले. कडेला आवाज बारीक आणि कोरडा आला. घोडीच्या अगदी मागे तारेचा ठणका जास्त आला. घोडीपासून दोन बोटे बाजूला, खर्जाच्या तारेकडे, आवाज भरदार आणि गोल आला. प्रत्येक वाद्याचे लाकूड, जाडी आणि घडण निराळी असते, म्हणून ही जागा शोधावीच लागते.

घोडीला मात्र हात लावायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. तंबोऱ्यासारख्या वाद्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिच्यावरून सुटताना पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा हलकेच शिवते, त्यातून जवारी निर्माण होते. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी यावर एक छोटा लेख लिहिला. तार बरोबर मध्यावर छेडली, तर नियमाप्रमाणे दुसरा, चौथा असे सम उपस्वर निघायला नकोत. तंबोऱ्यात ते चांगले ठसठशीत निघतात, आणि याचे कारण ही घोडी आहे, असे त्यांनी दाखवले. वर्गात करून पाहा. गिटारची तार अगदी मध्यावर बोटाच्या पेराने छेडा आणि लगेच मध्यावर हलके बोट लावा, आवाज जवळजवळ मिटतो. तंबोऱ्यावर तेच करा, वरच्या सप्तकाचा स्वर गात राहतो.

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही वाद्ये घडत आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले लोक या कामाकडे वळले, त्यांत फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव प्रथम घेतात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी काढणे हे तिथले सर्वांत नाजूक काम. घोडीखाली काही सरकवले, की कारागिराने तासातासांनी साधलेला तो उतार बिघडतो.

गिटारची घोडी वेगळी आहे. तार जिच्यावर टेकते ती हाडाची किंवा प्लास्टिकची अरुंद पट्टी एका खाचेत नुसती बसवलेली असते. म्हणून तिथे पट्टीखाली बसणारा लांबट दाबविद्युत पिकअप चालतो. खाचेच्या टोकाला बारीक भोक पाडून वायर आत घेतात. खाचेचा तळ अगदी सपाट लागतो, नाहीतर एखादी तार मोठी आणि एखादी मुकी ऐकू येते. पिकअपच्या जाडीइतकी पट्टी खालून घासावी लागते, नाहीतर तारा उंच होतात. हा पिकअप शिटीला चांगला टिकतो, पण जोरात छेडल्यावर आवाज थोडा चिरका येतो. दुसरा मार्ग फळीच्या आतल्या अंगाला, घोडीच्या बरोबर खाली, दोन-तीन चकत्या चिकटवण्याचा. त्यात लाकडाचा आवाज जास्त येतो, पण मोठ्या आवाजात शिटीही लवकर येते, कारण फळी कर्ण्याच्या आवाजानेही हलते. दोन्हींत शेवटी वायर बाहेर काढायला गिटारच्या बुडाशी सुमारे १२ मिलिमीटरचे भोक पाडावे लागते. ते काम पहिल्यांदा करणाऱ्याने जाणकाराकडूनच करून घ्यावे. पाडलेले भोक परत बुजत नाही.

आमच्या माजी विद्यार्थ्याने आधी आठवडाभर मेणाने बाहेरून चकत्या लावून जागा पाहिल्या आणि मगच आतल्या चकत्या निवडल्या. तो लहान खोलीत, हळू वाजवतो. मोठ्या वाद्यवृंदात वाजवत असता, तर त्याने चुंबकीय किंवा पट्टीखालचा पिकअप घेतला असता. निवड वाद्यावर जितकी, तितकीच जागेवरही अवलंबून असते.

सप्ताहात

विणेकरी अनवाणी असतो, मंदिराची फरशी अनेकदा ओली असते आणि आता वाद्याला वायर जोडली जाणार होती. म्हणून सप्ताहापूर्वी आम्ही वर्धकाची अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतली. चकतीवर आणि तिच्या जोडांवर रोधक पट्टी गुंडाळली. दाबविद्युत चकतीसाठी वाद्याच्या तारांना वायर जोडावी लागत नाही, त्यामुळे बोटाखालची तार विजेच्या जोडणीपासून दूर राहिली. वायरचा ताण चकतीवर येऊ नये म्हणून ती वीणेच्या पट्ट्याला दोऱ्याने बांधली. वर्धक चालू असताना चकतीवर टिचकी मारायची नाही, हेही सर्वांना बजावले. चकतीला बसलेला टोला कर्ण्यातून बंदुकीच्या बारासारखा येतो.

वीणेचा आवाज खांबावरच्या कर्ण्यांत आम्ही दिला नाही. गाणाऱ्यांच्या पायाशी एक लहान स्पीकर ठेवला आणि तोही हळू. विणेकऱ्याला पावली खेळताना वायर अडते, म्हणून कीर्तनाच्या शेवटी ती काढून ठेवली जाई. या मर्यादा आहेत, आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. शांत खोलीतल्या ध्वनिमुद्रणासाठी तर चांगला माइकच बरा, हेही खरे.

दुसऱ्या रात्री अभंग संपला, टाळ थांबले आणि पुढचा अभंग सुरू होण्याआधीच्या त्या चार-पाच सेकंदांत मागे बसलेल्या बायामुलांनाही चार तारांचा सूर ऐकू आला. गायकाने पेटीकडे न पाहता त्यावर षड्ज लावला. प्रश्न विचारणारी मुलगी माझ्याकडे वळून नुसती हसली.

काल्याच्या दिवशी आजोबांनी मेण स्वतः नखाने काढले, तबली धोतराच्या सोग्याने पुसली आणि उजेडात तिरपी धरून पाहिली. डाग नव्हता. "पुढल्या साली बोलवा," ते म्हणाले.

आपल्या गावातही एखादी वीणा, एकतारी किंवा तुणतुणे असेल. वर्गात आणा. आधी तारांना लोहचुंबक लावून पाहा. मग चकतीची धारिता मोजा, आपल्या वर्धकाच्या इनपुटचा रोध माहितीपत्रकात शोधा आणि मुलांना गणित करायला सांगा, या जोडणीत आपल्या वाद्याचा कोणता स्वर गळेल? उत्तर आधी कागदावर येऊ द्या. स्पीकर नंतर चालू करा.